भारतीय सिम आणि ट्रॅव्हल ई-सिम: युरोपात काही महिने वापरल्यानंतर

मुलाबाळांसह युरोपात महिनोन्महिने फिरायचं असेल तर भारतीय सिम फक्त ओटीपीपुरतं आणि इंटरनेट ट्रॅव्हल ई-सिमवर (कार्ड न घालता फोनमध्ये डाउनलोड करायचं, प्रवासापुरतं सिम), ही जोडी उत्तम चालते. खरा फायदा घरच्यांचा. व्हॉट्सॲप भारतीय नंबरवरच राहतं, त्यामुळे आजीच्या फोनवर नेहमीचंच नाव येतं आणि तिला नवीन काही शिकावं लागत नाही. ई-सिम चालू झाल्यावर व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का विचारलं, तर नाही म्हणा.

ई-सिम निघण्यापूर्वी घरच्या वायफायवरच टाका. क्यूआर कोड त्याच फोनच्या पडद्यावर असला की कॅमेऱ्याने स्कॅन करता येत नाही. तो लॅपटॉपवर उघडा. मुदत टाकल्यापासून मोजतात की परदेशी नेटवर्क पकडल्यापासून, ते प्लॅनमध्ये आधी वाचा. आणि चाळा म्हणून ई-सिम डिलीट करू नका, तोच कोड बहुतेकदा दुसऱ्यांदा चालत नाही.

उतरल्यावर रेंज भरपूर पण नेट नाही, ही नेहमीची तक्रार. ई-सिम बहुधा तिसऱ्याच देशातल्या नेटवर्कचं असतं, म्हणून फोनच्या लेखी ते रोमिंगच. त्याचं डेटा रोमिंग चालू करा, भारतीय सिमचं बंद ठेवा. तरीही अडलं तर फोनच्या सेटिंगमध्ये एपीएन, म्हणजे इंटरनेट जोडणीचं नाव, तपासा.

भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग मात्र निघण्यापूर्वीच चालू करून घ्यावं लागतं, नाहीतर ओटीपी येणार नाही. रिचार्जची मुदत संपू देऊ नका. यूपीआयचं ॲप काढून पुन्हा टाकण्याचा उद्योगही नको: नोंदणीसाठी त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि रोमिंगमध्ये तिथेच घोडं अडतं. कॉल फॉरवर्डिंगही बंद करून निघा. साधा कॉल आला तर उचलू नका, पैसे लागतात. घरच्यांनी मिस्ड कॉल द्यायचा आणि आपण व्हॉट्सॲपवर लावायचा. हा जुना देशी उपाय इथे झकास चालतो.

‘अनलिमिटेड’ला भुलू नका. ठरावीक डेटा संपला की वेग उतरतो, व्हिडिओ अडखळतो, फक्त आवाजाचा कॉल तेवढा चालतो. फोटोंचा बॅकअप वायफायवरच ठेवा. मुलांच्या टॅबलेटला हॉटस्पॉट द्यायचा असेल तर प्लॅनमध्ये त्याला परवानगी आहे ना, हे पाहा.

तिथलंच स्थानिक सिम घेतलं तर 2017 पासून युरोपीय संघात वेगळं रोमिंग लागत नाही, पण स्वित्झर्लंड त्यात नाही. सीमेजवळ फोन आपसूक स्विस टॉवर पकडतो, तिथे नेटवर्क हाताने निवडा. ई-सिमच्या ‘युरोप’ प्लॅनमध्येही स्वित्झर्लंड, सर्बिया, तुर्की आहेत का, हे यादीत बघा.

वेळेचं गणित: जर्मनी-फ्रान्समध्ये उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्या आठवड्यात आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोन वाजेल तेव्हा ते जेवायला बसलेले असतील.

घरी फक्त लँडलाइन असेल तर पंचाईत. स्काइप मे 2025 मध्ये बंद झालं, त्यामुळे पैसे भरून साध्या नंबरला फोन लावणारं दुसरं ॲप आधीच घरून लावून पाहा. येता-जाता दुबईत थांबा असेल तर तिथल्या स्थानिक नेटवर्कवर व्हॉट्सॲप कॉल लागत नाहीत; मेसेज आणि व्हॉइस नोट जातात. पोचल्याचा निरोप तसाच पाठवा.