गाभण गिनी पिगची देखभाल : फुलेवाडीजवळच्या एका घरगुती केंद्राचा सहा आठवड्यांचा अनुभव

यंदा ३ जानेवारीला आम्ही कोल्हापूर शहरातल्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानातून मुलीसाठी गिनी पिगची एक मादी आणली. दुकानदाराने तिचे वय चार-पाच महिने सांगितले आणि ती एकटीच वाढल्याचेही सांगितले. प्रत्यक्षात ती ज्या पिंजऱ्यात होती त्यात दोन नर आणि सशाची तीन पिल्ले होती. हे आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहत होतो, परंतु त्याचा अर्थ लावण्याइतकी माहिती त्या दिवशी आमच्यापाशी नव्हती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे पोट दोन्ही बाजूंनी सुटलेले दिसू लागले. पशुवैद्यांनी हलक्या हाताने चाचपून ती गाभण असल्याचे सांगितले आणि घरी कोणाला वेळ नसेल तर फुलेवाडीच्या पुढे, रिंगरोडपासून थोडे आत असलेल्या एका घरगुती केंद्रात तिला ठेवावे, असे सुचवले.

त्या केंद्राला पाटी नाही. जुन्या गोठ्याच्या जागी बांधलेली वीस फूट लांबीची एक खोली, तिच्यात भिंतीलगत लाकडी कप्पे आणि दारात टांगलेली एक नोंदवही, एवढेच त्याचे स्वरूप आहे. चालवणाऱ्या दांपत्याला सगळे काका-काकू म्हणतात. त्यांच्या घरी पूर्वी म्हशी होत्या, त्यामुळे माज, वेत, कास, गाभण हे शब्द ते या लहानशा प्राण्यालाही त्याच सहजतेने लावतात. पुढे माझ्या लक्षात आले की शब्दांबरोबर दावणीची शिस्तही इथे आलेली आहे.

पहिल्याच भेटीत काकूंनी पिंजऱ्याकडे न पाहता मला खरेदीची तारीख विचारली. गिनी पिगचा गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. दुकानातला शेवटचा दिवस हाच गर्भधारणेचा शेवटचा संभाव्य दिवस धरला, तर ३ जानेवारीत ७२ दिवस मिळवून १६ मार्च येतो. त्यानंतर ती विणे शक्य नाही, आणि त्याआधी मात्र केव्हाही विऊ शकते. हा हिशेब त्यांनी माझ्यादेखत नोंदवहीत मांडला आणि १ मार्चपासून रात्रीची फेरी लावली. मला या केंद्राविषयी विश्वास वाटला तो या क्षणी. ज्या दुकानातून आम्ही मादी आणली तिथे तिच्या जन्माची, जोडीची किंवा आधीच्या वेताची एक ओळही लिहिलेली नव्हती. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियम केले असून त्यानुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. मी प्रत्येक ग्राहकाला सांगेन की दुकानात गेल्यावर त्या नोंदणीच्या दाखल्याबरोबर जनावरांची नोंदवहीही मागावी. प्राण्याचा रंग आणि केसांची लकाकी नंतर पाहावी.

वयाचा प्रश्न त्यांनी सर्वांत गंभीरपणे घेतला, आणि तो तसा घेणे योग्यच होते. मादीचे पहिले वेत सहा-सात महिन्यांच्या आत झाले नाही, तर तिच्या जघनास्थीचा, म्हणजे कमरेच्या पुढच्या दोन हाडांमधला सांधा कायमचा घट्ट होतो. प्रसूतीच्या वेळी तो फाकत नाही, पिल्ले अडकतात आणि शस्त्रक्रिया केल्यावाचून मादी वाचत नाही. गिनी पिगची पिल्ले जन्मतःच मोठी असतात, अंगभर केस, उघडे डोळे आणि दात घेऊन येतात. म्हणूनच ही वाट पुरेशी रुंद होणे तिच्यासाठी जीवनमरणाचे असते. आमच्या मादीचे खरे वय कोणालाच ठाऊक नव्हते. काकांनी पशुवैद्यांशी आगाऊ बोलून शस्त्रक्रियेची तयारी ठेवायला सांगितली, आणि मार्च उजाडल्यावर रोज संध्याकाळी तिला न उचलता, कप्प्यातच खालून एका बोटाने तो सांधा तपासायला सुरुवात केली. ५ मार्चला त्यांनी फोनवर सांगितले की बोटभर अंतर लागते आहे, आता दोन दिवस. त्या एका वाक्याने आमच्या घरावरचे ओझे उतरले.

आहाराच्या बाबतीत केंद्राची बाजू बहुतांशी भक्कम आहे. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. साध्या मोठ्या प्राण्याला किलोमागे दररोज सुमारे १० मिलिग्रॅम, तर गाभण मादीला सुमारे ३० मिलिग्रॅम लागते. काकू कपिलतीर्थ मंडईतून रोज सकाळी ढोबळी मिरची आणि कोथिंबीर आणतात आणि पेरूची लहानशी फोड आठवड्यातून दोनदाच देतात, कारण त्यात साखर असते. वाळलेले गवत कप्प्यात चोवीस तास असते. गाभण माद्यांना आणि वाढत्या पिल्लांना लसूणघास मिळतो, कारण त्यातले कॅल्शियम आणि प्रथिने त्यांना हवी असतात.

इथेच माझी पहिली तक्रार आहे. तोच लसूणघास केंद्रातल्या मोठ्या नरांनाही मिळत होता. पूर्ण वाढलेल्या प्राण्याला इतके कॅल्शियम रोज मिळाले तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका असतो, हे मी बोलून दाखवल्यावर काकांनी नरांचा चारा बदलला. पण माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला ते सांगावे लागू नये. गोळी खाद्याचे पोतेही उघडे होते. त्यावरची उत्पादनाची तारीख फाडलेल्या तोंडाबरोबर निघून गेली होती. गोळ्यांतले क जीवनसत्त्व सुमारे तीन महिन्यांत बरेच नाहीसे होते, तेव्हा तारीख हरवलेले पोते हा क जीवनसत्त्वाचा स्रोत मानताच येत नाही. पाण्याच्या बाटलीत जीवनसत्त्वाचे थेंब घालण्याची त्यांची सवयही मला पटली नाही. उजेडात ते काही तासांत निकामी होते, आणि चव बदलली की प्राणी पाणी पिणे कमी करतो. गाभण मादीच्या बाबतीत हे विशेष घातक आहे.

घातक का, ते या केंद्रानेच मला समजावले. गर्भकाळाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आणि विल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मादीने खाणे सोडले, तर तिचे शरीर चरबी जाळू लागते, रक्तात विषारी घटक साठतात आणि ती एक-दोन दिवसांत दगावू शकते. सुस्ती, फुगवलेले केस आणि श्वासाला येणारा गोडसर, नखपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास ही त्याची लक्षणे आहेत. लठ्ठ माद्यांना, आणि ज्यांचा आहार किंवा जागा अचानक बदलली त्यांना हा धोका अधिक असतो. त्यामुळे आम्ही तिला १६ फेब्रुवारीला, म्हणजे शेवटच्या पंधरवड्याआधी, तिचाच रुमाल आणि तिचेच गवत बरोबर देऊन पोहोचवले, हे त्यांच्या सांगण्यावरूनच झाले. ती येताना ८४० ग्रॅम होती. दररोज सकाळी तराजूवर टोपली ठेवून तिला स्वतःहून आत चढू दिले जाई. पोटाखाली हात घालून उचलणे शेवटच्या तीन आठवड्यांत पूर्णपणे बंद होते. ६ मार्चला वजन १,१९० ग्रॅम भरले.

७ मार्चला पहाटे ती व्याली. काकूंच्या सांगण्यानुसार सगळे पाऊण तासाच्या आत आटोपले. ती बसल्या जागी वाकून पिल्लू दातांनी ओढून घेत होती, पडदा फाडत होती आणि वार खात होती, आणि काकू दोन हातांच्या अंतरावर नुसत्या बसून होत्या. वीस मिनिटे कळा देऊनही पिल्लू आले नाही तर गाडी काढायची, एवढेच त्यांनी ठरवलेले होते. चार पिल्ले झाली : ९२, ८६, ८१ आणि ५४ ग्रॅम.

केंद्रातल्या सर्व नरांचे कप्पे खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहेत आणि गाभण मादीजवळ नर ठेवला जात नाही. यामागचे कारण काकूंनी आपल्या पद्धतीने सांगितले : "ताई, नर आत ऱ्हायला तर विल्या-विल्या परत गाभण जाती बघा, अंग भरायच्या आत." ते शब्दशः खरे आहे. गिनी पिगची मादी विल्यानंतर काही तासांतच माजावर येते. नफ्यासाठी पैदास करणारे नेमका याच गोष्टीचा फायदा घेतात आणि मादी एकामागून एक वेत देत वर्ष-दोन वर्षांत खंगते. या केंद्रात एका मादीला वर्षात दोनपेक्षा अधिक वेते घेऊ दिली जात नाहीत, आणि नोंदवहीची मागची पाने चाळून मी ते पडताळून पाहिले.

५४ ग्रॅमच्या पिल्लाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. मादीला सड दोनच असतात, आणि चार पिल्लांत सर्वांत अशक्त पिल्लू मागे पडते. दोन दिवसांपूर्वी व्यालेली, एकच पिल्लू असलेली दुसरी मादी शेजारच्या कप्प्यात होती. गिनी पिगच्या माद्या परके पिल्लू बहुधा सहज स्वीकारतात, तसे तिनेही स्वीकारले. तरीही तिसऱ्या रात्री ते गेले. काकूंनी सकाळी आठच्या आत फोन करून सांगितले, आणि नोंदवहीत पहिल्या दिवशी ५४, दुसऱ्या दिवशी ५१, तिसऱ्या दिवशी ४९ असे आकडे लिहून पुढे 'गेले' असा शब्द लिहिला. माझी मुलगी त्या दिवशी खूप रडली. पण जिथे मेलेल्या पिल्लाची नोंद जिवंत पिल्लांच्या नोंदीशेजारी त्याच अक्षरात लिहिली जाते, तिथे माझी जनावरे मी पुन्हा ठेवीन. उरलेल्या तिघांचे वजन पहिल्या दोन दिवसांत किंचित उतरले आणि मग रोज चढत गेले. दुसऱ्याच दिवशी ती आईच्या शेजारी बसून गवताच्या काड्या कुरतडू लागली होती. दात असल्यामुळे ती दुधाबरोबर पहिल्या दिवसापासून चारा चाखतात, आणि पाण्याची बाटली त्यांच्या उंचीला खाली बांधावी लागते. इथे ती बांधलेली होती.

२८ मार्चला, बरोबर एकविसाव्या दिवशी, दोन नर पिल्ले आईपासून आणि बहिणीपासून वेगळी केली. हा दिवस चुकवून चालत नाही, कारण तीन आठवड्यांनंतर नर पिल्ले आईलाही गाभण करू शकतात आणि मादी पिल्लू महिनाभराचे होताच गाभण जाऊ शकते. आम्ही ज्या दुकानातून मादी आणली तिथल्या मिश्र पिंजऱ्याचे मूळ दुखणे हेच होते. सशांबरोबर ठेवण्याचा दोष वेगळा : सशांच्या श्वासमार्गात निरुपद्रवी राहणारा बोर्डेटेला हा जिवाणू गिनी पिगला न्यूमोनिया करतो. या केंद्रात एकही ससा नाही.

खोलीची रचना चांगली आहे, परंतु उन्हाळ्याची सोय अपुरी आहे. हा प्राणी मुळात अँडीजच्या थंड डोंगराळ मुलखातला. त्याला १८ ते २४ अंश तापमान मानवते आणि तिशीच्या आसपास उष्माघाताची भीती सुरू होते, गाभण मादीला तर त्याहून लवकर. कोल्हापुरात मार्चअखेरीस दुपारी पारा ३५च्या पुढे जातो. केंद्राचे छत पत्र्याचे आहे. त्याखाली वाळ्याचे पडदे आणि दोन पंखे आहेत, पण खोलीत तापमापक नव्हता. मी नेऊन टांगला तेव्हा २४ मार्चला दुपारी तीन वाजता त्यावर ३१ दिसले. काकांनी त्यानंतर माद्यांचे कप्पे पूर्वेकडच्या विटांच्या भिंतीलगत हलवले आणि छताखाली थर्माकोल लावण्याचे कबूल केले. एप्रिल-मेमध्ये ज्यांची मादी विणार असेल त्यांनी हे काम झाले आहे का, हे आधी डोळ्यांनी पाहावे.

कप्प्यांचा तळ लाकडी असून त्यावर कागदाचा लगदा आणि गवत पसरलेले असते. जाळीच्या तळावर पिल्लांचे पाय अडकून मोडतात, म्हणून ती टाळलेली आहे. भिंतीवर ठळक अक्षरांत पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ही नावे लिहून 'तोंडावाटे देऊ नये' असे बजावलेले आहे, कारण ही औषधे गिनी पिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मारतात आणि प्राणी दगावतो. मोठ्या शहरांतल्या केंद्रांतही मी अशी सूचना पाहिलेली नाही.

दर दिवसाला ६० रुपये आहे. दूध तुटेपर्यंत पिल्लांचे वेगळे पैसे घेत नाहीत. १६ फेब्रुवारी ते ३० मार्च या ४२ दिवसांचे २,५२० रुपये झाले, पशुवैद्यांचे शुल्क वेगळे. पावती मागितल्यावर मिळाली, स्वतःहून दिली नाही. रात्री वाहन नसणे ही एक खरी उणीव आहे : काकांकडे फक्त दुचाकी आहे, आणि अडलेली मादी दुचाकीवरून नेणे धोक्याचे आहे. आम्ही आमची गाडी आठवडाभर रात्री त्यांच्या दारात उभी केली होती. सर्वांना ते शक्य नसेल.

एका वेळी सहाच माद्या घेतल्या जातात, त्यामुळे किमान तीन आठवडे आधी विचारावे. जाताना खरेदीची तारीख, असल्यास नराबरोबर ठेवल्याची तारीख, आणि घरातले दोन दिवस पुरेल एवढे गवत बरोबर न्यावे. आमची मादी आता ९१० ग्रॅमवर स्थिर असून तिची मुलगी तिच्याजवळच आहे. दोन्ही भाऊ वेगळ्या पिंजऱ्यात, त्या दोघी दिसणार नाहीत अशा भिंतीच्या पलीकडे ठेवले आहेत, आणि तिला पुन्हा गाभण राहू द्यायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. काकूंनी तिच्या पानावर शेवटची ओळ तशीच लिहून दिली आहे.