आयरिश रेसिडेन्स कार्डाचे १४ महिने: आई-बाबा बेलफास्टला, मी डब्लिनच्या फलाटावर

परवा आई-बाबांना कॉनली स्टेशनवर बेलफास्टच्या गाडीत बसवून दिलं आणि मी मागे राहिलो. आयर्लंडमध्ये नोकरी माझी, कर मी भरतो, आयआरपी कार्डाचे, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचे, वर्षाला ३०० युरोही मीच मोजतो. तरी दोन तासांवरच्या, पण ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जायचा हक्क त्यांना आहे, मला नाही.

आधी शेंगेनबद्दल, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबद्दल. सांगलीहून मावशी विचारते, "युरोपात आहेस, मग पॅरिसला का जात नाहीस?" आयर्लंड युरोपीय संघात आहे, इथे युरो चालतो, पण हा देश शेंगेनमध्ये नाही. त्यामुळे मुंबईहून निघाल्यासारखीच सगळी कागदपत्रं: ९० युरो फी, ३०,००० युरोंचा विमा, बँक स्टेटमेंट, कंपनीचं पत्र. माझा श्टुटगार्टचा मित्र जर्मन कार्डावर १८० दिवसांत ९० दिवस कुठल्याही शेंगेन देशात राहू शकतो. मला पहिला व्हिसा मिळाला तो मोजून सहा दिवसांचा. तेव्हा हे लिहिलं असतं तर कार्डाला एकच तारा दिला असता.

पण दुसऱ्या खेपेला वर्षभराचा मल्टिपल एंट्री मिळाला. लिस्बन झालं, क्राकूव्ह झालं, फी वसूल झाली आणि राग बराच ओसरला. परत येताना आयर्लंडचा वेगळा री-एंट्री व्हिसाही लागत नाही, २०१९ पासून ती कटकट गेली. पासपोर्ट आणि कार्ड दाखवलं की आत. हे खरंच सुखाचं आहे.

बेलफास्टचं मात्र मनातून जात नाही. जवळजवळ ५०० किमीची सीमा, एक फाटक नाही. डंडॉक मागे पडलं, न्यूरी आलं, की रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात, एवढीच काय ती खूण. ऑफिसातले म्हणतात, "कोण बघतंय? जा की." नाही जाणार. कॉमन ट्रॅव्हल एरियातली, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या सामायिक प्रवास क्षेत्रातली, मोकळीक ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना आहे. बसमध्ये, गाडीत अधूनमधून तपासणी होते आणि मला पुढे इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करायचाय. रीतसर जायचं तर ब्रिटनचा व्हिसा, शंभर पौंडांच्या वर. एका दिवसाच्या सहलीसाठी एवढे पैसे माझ्या हातून सुटत नाहीत.

आई-बाबांकडे भारतातून काढलेला ६० युरोंचा आयरिश व्हिजिटर व्हिसा आहे आणि त्यावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) असा शेरा आहे. भारतीय आणि चिनी पाहुण्यांसाठीच्या या योजनेत एकाच व्हिसावर दोन्ही देश होतात. इथे राहणाऱ्या भारतीयाला कार्डावर हीच सोय द्यायला काय हरकत आहे, हे मला आजही कळलेलं नाही.

तुमच्याकडे कोणी येणार असेल तर पासपोर्ट हातात पडल्याबरोबर त्यांना शेरा तपासायला सांगा. आणि पहिला प्रवेश आयर्लंडमध्येच व्हायला हवा. आधी चार दिवस लंडन बघून मग डब्लिनला यायचा बेत या व्हिसावर जमत नाही. आमचं तिकीट तसंच निघणार होतं, आदल्या रात्री बदललं.