त्याच पैशांत जुनी जर्मन सेडान की क्रिस्टा? गोव्यातल्या पावसाळ्याचा हिशेब

सात-आठ वर्षांची जर्मन सेडान आणि तिच्याहून दोन-तीन वर्षांनी नवी इनोव्हा क्रिस्टा जवळपास एकाच किमतीला समोर आली, की निवड अवघड होते. चोर्ला घाटातली पकड, ब्रेक, हायवेवरची शांतता या बाबतींत जर्मन गाडी पुष्कळ पुढे आहे, यात दुमत नाही. क्रिस्टाची मागची सीट रिकाम्या गाडीत उसळते, स्टिअरिंग जड आहे, आणि ४,७३५ मिमी लांबीची गाडी वाड्यावरच्या अरुंद रस्त्यात वळवणं जिकिरीचं. तरी मी क्रिस्टा निवडली. कारण इंजिन नव्हे.

प्रीमियम गाडीचं इंजिन नीट सांभाळलं तर सहसा दगा देत नाही. आधी थकतं ते त्याच्याभोवतीचं प्लास्टिक आणि रबर. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं हाउसिंग हे भाग वर्षानुवर्षं तापून-निवून ठिसूळ होतात आणि सांध्यापाशी चीर जाते. गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभर बदलू नका’ म्हणून सांगितलं जातं, पण यांतल्या अनेक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीला ते बदलायला सांगते. हे सगळं खर्चिक असलं तरी आधी कळतं, आवरता येतं.

आवरत नाही ते सनरूफचं पाणी. सनरूफ पाणी अडवत नाही. चौकटीतल्या पन्हळीत गोळा करून चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली सोडतं. गोव्यात गाडी आंब्याखाली नाहीतर फणसाखाली उभी असते. मोहोर, पानांचा चुरा आणि तांबडी धूळ यांचा चिखल नळीच्या तोंडाशी बसतो, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी छत पेलणाऱ्या खांबातून आत उतरतं. गालिचा वरून दोन दिवसांत सुकतो, पण त्याखालचा तीन-चार सेंटिमीटरचा फोम महिनाभर ओला राहतो. अनेक जर्मन गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचे छोटे संगणक, नेमके तिथेच, सीटखाली किंवा डिकीच्या खळग्यात असतात. पिना हिरव्या पडतात, गाडी बंद केल्यावरही मॉड्यूल ‘झोपत’ नाही, रात्रभर करंट ओढतो, आणि सकाळी बॅटरी उतरलेली. मग लोक बॅटरीच बदलत बसतात. गाडी बंद करून चाळीस मिनिटांनीही ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असेल, तर दोष बॅटरीत शोधू नये. मॉड्यूल सहसा दुरुस्त करून देत नाहीत. नवा आणून त्याच गाडीला कोडिंग करावं लागतं. विम्याचाही आधार नाही: पाझर आणि झीज पॉलिसीत बसत नाही. अपघाताच्या दाव्यातसुद्धा झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिक-रबरावर ५० टक्के कापतात, आणि एवढ्या जुन्या गाडीला झीरो डेप मिळणं कठीण.

क्रिस्टाला सनरूफच नाही. तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक, डिझेल इंजिनाला रबरी पट्ट्याऐवजी टायमिंग चेन, आणि फोंड्याचा साधा फिटरही तिचं बरंचसं काम करतो. हाताखालून गेलेल्या गाड्यांवरून एवढं म्हणेन, की क्रिस्टाचा खर्च बहुधा ठरलेल्या वेळी येतो, प्रीमियमचा पावसाळ्यात.

जर्मनच हवी असेल, तर पाहायला जाताना दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचलून गालिच्याखाली बोटं घाला आणि फोमवर कोरडा टिश्यू दाबा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. स्कॅनर लावाल तेव्हा फक्त इंजिन नको, सगळे मॉड्यूल वाचा. घेतल्यावर दर मे महिन्यात सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळूहळू ओता. ते लगेच चाकाजवळ किंवा बंपरखाली ठिबकायला हवं. तुंबलं तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी टोक गोल करून आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. नळी आतल्या आत निसटते, आणि मग सगळं पाणी थेट खांबात.

क्रिस्टा घेतानाही एक काळजी घ्या. गोव्यात टुरिस्ट टॅक्सी म्हणून चाललेल्या कितीतरी गाड्या पुढे खासगी नंबरावर विकायला येतात, त्यामुळे आरसीचा पूर्वेतिहास काढा, सर्व्हिसच्या नोंदींतले किलोमीटर मीटरशी ताडून बघा, आणि पेडलांचं रबर किती झिजलंय तेही.