शुट्टे घ्यावी की हाइड-पेठे-धर? भावनिक बुद्धिमत्तेची मापनी निवडताना

सांगलीत एम.एड. किंवा मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्यांचा विषय ‘भावनिक बुद्धिमत्ता’ (स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखून हाताळणं) ठरला, की हाइड, पेठे आणि धर यांची मापनी, म्हणजे सहमत-असहमत विधानांची प्रश्नावली, बहुधा आधीच हातात असते. भारतीय आहे, विधानं ३४ च आहेत आणि मागच्या बॅचनेही तीच वापरलेली असते.

विश्वसनीयता (मोजमापातलं सातत्य) ०.८८, सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) ०.९३. हे दोन आकडे एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत जातात; माझ्याही प्रबंधात मी ते तसेच उतरवले होते. पण ०.८८ चं वर्गमूळ काढून पाहा. ०.९३८ येतं. म्हणजे ही सप्रमाणता वेगळी तपासून आलेली नाही, विश्वसनीयतेवरूनच काढलेली आहे. ती फार तर किती असू शकेल, एवढंच हा आकडा सांगतो. उसाचा काटा प्रत्येक खेपेला दोन क्विंटल कमीच दाखवत असेल, तर तो अगदी विश्वसनीय असतो. शेतकऱ्याचं नुकसान मात्र रोज होतं.

शुट्टे आणि सहकाऱ्यांची १९९८ ची मापनी ३३ विधानांची. अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.९०, दोन आठवड्यांनी पुन्हा दिल्यावर दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध ०.७८. इथे सप्रमाणतेसाठी बाहेरचे पुरावे शोधले होते: मानसोपचारतज्ज्ञांचे प्राप्तांक कैद्यांपेक्षा जास्त आले, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या गुणांशी संबंध दिसला. ती एकच घटक मोजते की चार वेगळे, हा वाद आहेच. तरी माझं मत शुट्टेच्या बाजूने.

अडचण भाषांतराची, कारण शुट्टेची विधानं मूळ इंग्रजीत आहेत. ‘अशाब्दिक संदेश’ वाचून जतच्या एका मुलीने विचारलं, ‘मोबाईलवरचा का?’ तिचं काही चुकलं नव्हतं. मग ‘चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून मनातलं ओळखणं’ असं केलं. ५, २८ आणि ३३ ही विधानं उलटी आहेत, म्हणजे त्यांना ‘सहमत’ म्हटलं तर भावनिक बुद्धिमत्ता कमी धरायची. मुलं ओघात ‘सहमत’वर खूण करतात आणि गुण उलटे करायचे राहिले तर अल्फा घसरतो. मराठी झाल्यावर दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्रजीत करून मूळाशी ताडून पाहा.

वेळ फारच कमी असेल तर वाँग आणि लॉ यांची १६ विधानांची मापनी चालेल. मेयर, सॅलोवे आणि करुसो यांची १४१ प्रश्नांची चाचणी क्षमता मोजते, ‘मी कसा आहे’ हे विचारत नाही. ब्रॅकेट आणि मेयर यांनी २००३ मध्ये तिचा शुट्टेशी सहसंबंध पाहिला तेव्हा तो जेमतेम ०.१८ भरला. त्यामुळे शुट्टे वापरलीत तर शीर्षकात ‘स्वतःला जाणवणारी भावनिक बुद्धिमत्ता’ असंच लिहा.

कुठलीही घ्या, अल्फा तुमच्या नमुन्यावरचा द्या. पुनर्चाचणीच्या पंधरा दिवसांत दिवाळीची सुट्टी किंवा सत्र परीक्षा येणार नाही, हे वेळापत्रकात आधी पाहून घ्या.