ऑर्गॅनिक मॅप्स: ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणजे नेमके किती?

बदलीचा आदेश आला, तेव्हा त्या शहरात माझ्या ओळखीचे कोणीही नव्हते. भाड्याचे घर शोधायला सहा आठवडे होते, आणि त्या सहा आठवड्यांत मी रोज वापरलेले एकमेव साधन म्हणजे ऑर्गॅनिक मॅप्स हे मोफत नकाशा-अ‍ॅप. त्यात घरांच्या जाहिराती नाहीत, घरमालकाशी किंवा दलालाशी गाठ घालून देण्याची सोय नाही. तरीही घर निवडताना मला सर्वाधिक उपयोग त्याचाच झाला, कारण जाहिरात घराविषयी बोलते आणि आपल्याला रोज तुडवायचा असतो तो घरापासून कामापर्यंतचा रस्ता.

या अ‍ॅपमधला नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पाचा आहे. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात जगभरातले स्वयंसेवक रस्ते, पायवाटा, जिने, पूल अशा नोंदी स्वतः करतात. पादचाऱ्यांच्या दृष्टीने तो उजवा ठरतो तो यामुळे. जिथे चालणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या लोकांनी मनावर घेऊन नोंदी केल्या आहेत, तिथे दोन इमारतींमधली बोळसुद्धा त्यात सापडते.

माझ्या अनुभवातली एक जाहिरात सांगते. घर प्रशस्त होते, भाडे आवाक्यातले होते आणि रेल्वे स्थानक ‘हाकेच्या अंतरावर, पायी आठ मिनिटे’ असे लिहिले होते. अ‍ॅपमध्ये सरळ रेषेतले अंतर मोजणारी मोजपट्टी आहे. तिने 620 मीटर दाखवले. माणूस तासाला 5 किलोमीटर चालतो असे धरले तर मिनिटाला साधारण 83 मीटर होतात, म्हणजे जाहिरातीतला हिशेब अगदी बरोबर होता. मग मी त्याच दोन बिंदूंमध्ये पायी जाण्याचा मार्ग काढला आणि तो निघाला दीड किलोमीटरचा. घर आणि स्थानकाचे प्रवेशद्वार यांच्यामध्ये रुळांचा पट्टा होता आणि तो ओलांडायचा पादचारी पूल बराच पुढे होता. जाहिरात देणाऱ्याने बहुधा खोटे बोलायचे ठरवलेले नसेल, त्याने नकाशावर फक्त नजरेने अंतर मोजले असेल; पण भाडेकरूला मात्र वर्षभर रोज दोन वेळा तो फरक पायांनी भरून काढावा लागतो.

मी तरीही तिथे गेले. संध्याकाळी कामावरून लोक परततात त्या वेळी, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन, स्थानकापासून त्या घरापर्यंत चालले. पुलाच्या एका बाजूला 46 पायऱ्या होत्या, मध्ये एकच टप्पा, आणि पायऱ्यांऐवजी वापरता येईल अशी उतरण (रॅम्प) कुठेच नव्हती. एक बाई बाळाची ढकलगाडी दोन्ही हातांनी उचलून एकेक पायरी चढत होत्या; मागून येणाऱ्या मुलाने न विचारता गाडीचे दुसरे टोक धरले. माझ्यासोबत गुडघेदुखी असलेली आई राहणार होती. ते घर मी आत पाऊल न टाकताच सोडले, आणि तो निर्णय बरोबर होता असे आजही वाटते.

चढ-उताराच्या बाबतीतही हे अ‍ॅप प्रामाणिक आहे. पायी किंवा सायकलचा मार्ग काढला की खाली चढणीचा आलेख येतो, आणि समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, थरही चालू करता येतो. सपाट कागदावर सारखी दिसणारी दोन अंतरे पोटऱ्यांना सारखी नसतात, हे सामान घेऊन चढण चढलेल्या कोणालाही पटेल.

माझी पद्धत साधी होती. प्रत्येक घरासाठी नकाशावर एक खूण केली, पाहिलेल्या घरांना एक रंग आणि पाहायच्या घरांना दुसरा, आणि खुणेखालच्या टिपेत भाडे, अनामत रक्कम, पाण्याची वेळ, जिन्यातला उजेड असे चार शब्द लिहिले. यादी फाइल म्हणून पाठवता येत असल्यामुळे घरी बसलेली आई तिच्या फोनवर तेच नकाशे उघडून माझ्याशी वाद घालू शकत होती. ज्या भागाचा नकाशा एकदा उतरवून घेतला त्याला पुढे इंटरनेट लागत नाही, शोध आणि मार्ग दोन्ही चालतात. फोनमधले जीपीएस उपग्रहांचे संकेत थेट घेते, त्याला डेटा लागत नाही. नव्या शहरात सिमकार्ड सुरू होण्याआधीचे दोन दिवस मी याच्याच भरवशावर फिरले.

उणिवा स्पष्ट सांगायला हव्यात. पुढची बस किती वाजता आहे हे अ‍ॅप सांगत नाही, रस्त्यावरची सध्याची कोंडी दाखवत नाही, आणि जिथे घर क्रमांकांची नोंद झालेली नाही तिथे पत्ता शोधणे निष्फळ ठरते. गाडीने कामावर जाणाऱ्याला यामुळे दुसरे अ‍ॅप लागेलच. बसचे वेळापत्रक मी थांब्यावर उभे राहून पाहिले, तेही रात्री नऊनंतरचे, कारण दिवसा सगळीकडेच बस असते.

मेट्रोच्या डब्यात लावलेल्या नकाशावरून घर निवडू नये, हे मात्र या अ‍ॅपनेच मला दाखवले. हॅरी बेक यांनी आखलेला आणि 1933 मध्ये छापला गेलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा अशा नकाशांचा आदर्श ठरला. त्यात क्रम आणि जोडणी खरी असते, अंतर खरे नसते. लंडनमधली लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्थानके एकमेकांपासून 300 मीटरही दूर नाहीत, पण त्या नकाशावर ती इतर कोणत्याही दोन स्थानकांसारखीच दिसतात. मी शेवटी घेतलेले घर वेगळ्याच मार्गिकेवरच्या स्थानकाजवळ आहे. मेट्रोच्या नकाशावर ते कार्यालयापासून दोन गाड्या बदलण्याइतके लांब होते, पायी मात्र बागेतून जाणाऱ्या वाटेने 22 मिनिटे लागतात.

त्या पुलाच्या 46 पायऱ्या आणि उतरण नसल्याची नोंद मी ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर खाते उघडून स्वतः केली. कामाला दहा मिनिटे लागली.