आखाजीच्या उन्हात नानांच्या अंगावर शाल

जळगाव-धुळे साइडला कोणी आईवडिलांसाठी केअर सेंटर बघत असेल तर आधी हे वाचा, मग फोन लावा. नाव लिहीत नाही, केस चालू आहे आणि वकिलांनी सक्त सांगितलंय, आणि तसंही नावाने काही होत नाही, बोर्ड बदलायला या लोकांना दोन दिवस लागतात.

आमचे नाना झेडपीच्या शाळेत गुरुजी होते, वय ८१. जानेवारी २०२४ मध्ये लकवा मारला, उजवी बाजू पूर्ण गेली आणि बोलणं जवळपास गेलं. आम्ही अमळनेरचे. त्या वर्षी ९७ वं साहित्य संमेलन आमच्याच गावात होतं, २ ते ४ फेब्रुवारी, आणि नानांनी डिसेंबरपासूनच धोतर आणि पांढरा सदरा इस्त्री करून कपाटात ठेवला होता, तीनही दिवस जायचं म्हणून. संमेलनाची दिंडी निघाली तेव्हा ते जळगावला आयसीयूत होते. असो, तो विषय वेगळा.

डिस्चार्ज दिला तेव्हा नाकात नळी, डायपर, आणि डॉक्टरांनी सांगितलं दर दोन तासाला कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, तिला स्वतःला उठायला भिंत लागते. मी पुण्यात भाड्याच्या घरात, दुसरा मजला, लिफ्ट नाही. ताई धुळ्याला, तिच्या घरी सासूबाई आधीच अंथरुणाला. घरी माणूस ठेवायचा म्हटलं तर ब्युरोवाले अमळनेरला मुक्कामी माणूस द्यायला तयार नाहीत, एक आला तो तिसऱ्या दिवशी पगार उचलून गेला. तेवढ्यात हॉस्पिटलच्या खालच्या मेडिकलवाल्याने एक कार्ड हातात दिलं, म्हणाला भाऊ एकदा बघून तर या. त्या कार्डाचं त्याला कमिशन असतं हे नंतर कळलं.

जागा हायवेला लागून. गेटच्या आत गेलं की बाग, छोटं राममंदिर, रविवारी वरण-बट्टी, प्रत्येक रूमला एसी, सीसीटीव्ही. संचालक साहेबांनी आईच्या पाया पडून सांगितलं, "काकू, नाना आता आमचे." आई तिथेच रडायला लागली आणि मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आम्ही काय विचारलं माहिती आहे का? व्हिडिओ कॉल किती वेळा होईल, मंदिरात आरती असते का, आम्ही आलो तर चहा-नाश्त्याची सोय आहे का. सगळे प्रश्न आमच्या सोयीचे. रात्री पेशंटजवळ कोण असतं, हा प्रश्न मी, ताई, दाजी, माझी मिसेस, चौघांपैकी एकाने पण विचारला नाही.

डिपॉझिट ७५,००० (तोंडी "रिफंडेबल"), महिना २४,०००, डायपर-औषधं-फिजिओ अलग. फॉर्म इंग्लिशमध्ये सहा पानांचा, बाहेर गाडी उन्हात उभी, नाना मागच्या सीटवर आडवे, अशा वेळी कोण वाचतो, सह्या करून मोकळे झालो. आणि पैसे पाठवले ते संस्थेच्या खात्यावर नाही, त्या साहेबांच्या पर्सनल नंबरवर, कारण "खात्याचं केवायसी चालू आहे". हे वाचताना तुम्हाला हसू येत असेल. मी बँकेत नोकरी करतो, म्हणजे अजूनच हसा.

मार्चमध्ये मी एकदा भेटून आलो, आधी फोन करून, कारण फोनशिवाय भेट नाही असा नियम. नाना अंघोळ केलेले, दाढी केलेली, अंगाला पावडरचा वास, एसी चालू. मी खुश. महिनाअखेरीस बिल आलं ४५,१३५ रुपयांचं. डायपर ९० नग, ४५ ने, ४,०५०. हवेच्या गादीचं (मोटरने फुगते ती, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून) भाडं ३,०००, म्हणजे जेवढ्याला मेडिकलमध्ये मोटरसकट नवीकोरी गादी मिळते तेवढं एका महिन्याचं भाडं. फिजिओ २४ सिटिंग, ३०० ने, ७,२००. आणि सगळ्यावर १८ टक्के टॅक्स. जास्त वाटलं, पण वाटलं की नानांची सेवा होतेय ना, मग पैशासाठी काय भांडायचं. यांचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो.

एप्रिलमध्ये मेसेज आला की इन्फेक्शनमुळे व्हिजिट बंद, फक्त रविवारी अकराला व्हिडिओ कॉल. कॉलवर नानांचा चेहरा दिसायचा आणि गळ्यापर्यंत शाल. चांगली नवी, चॉकलेटी रंगाची. एप्रिलचा शेवट, आमच्याकडे दुपारी बाहेर पडलं तर डोळे जळतात आणि या माणसाच्या अंगावर लोकरीची शाल. मिसेस एकदा म्हणाली पण, अहो यांना थंडी वाजते का? मी विचारलं तर तिकडून उत्तर आलं, सर, एसी आहे ना, वयस्कर लोकांना एसी बाधतो. आणि मी काय म्हटलं असेन? म्हटलं, बघ, किती काळजी घेतात.

१० मेला आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. १३ ला आमच्याकडे मतदान, माझं नाव अजून गावाच्या यादीत, म्हणून सुट्टी जोडून मी घरी गेलो होतो. ताई पण माहेरी आली होती. आईने दुखऱ्या गुडघ्यांनी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आंब्याचा रस केला आणि डबा भरून बसली की नानांकडे चला. आम्ही म्हटलं अगं नळी आहे, खाता येणार नाही. म्हणे वास तर घेतील. तिथे फोन लावला, सणाचा दिवस, कोणी उचलला नाही. मग तसेच निघालो. म्हणजे त्या दिवशी त्यांनी फोन उचलला असता तर आज मी हे लिहीत नसतो, आम्हाला थांबवलं असतं आणि आम्ही थांबलो पण असतो.

दुपारचे अडीच. गेटला आतून कुलूप, पंधरा मिनिटं आवाज दिल्यावर बनियनवर एक पोरगा आला, एकोणीस-वीस वर्षांचा. आम्हाला बघून त्याचा चेहराच पडला. नानांच्या रूममध्ये तीन बेड, नाना तिसऱ्यावर. एसी बंद, पंखा गरम हवा फेकतोय, आणि शाल गळ्यापर्यंत. ताईने शाल ओढली.

दोन्ही मनगटं ड्रेसिंगच्या पट्टीने बेडच्या दांड्याला बांधलेली. नळी ओढतात म्हणून. डाव्या हाताचं एक वेळ समजू शकतो, काही ठिकाणी बांधतात, पण घरच्यांना सांगून आणि थोड्या थोड्या वेळाने सोडून. उजवा हात तर जानेवारीपासून हलतच नव्हता, तो पण बांधलेला. म्हणजे बांधणाऱ्याला हे पण माहिती नव्हतं की या माणसाची कोणती बाजू गेली आहे.

खाली ती ३,००० रुपये भाड्याची हवेची गादी, पापडासारखी चपटी. मोटर बेडच्या पायथ्याला टांगलेली, प्लग काढलेला, खाली लोंबतोय, आणि त्या सॉकेटमध्ये कोणाचा तरी मोबाईल चार्जिंगला. मी त्याचा फोटो काढला, तेवढं एक काम शहाणपणाचं झालं. कुशीवर वळवलं तर आधी वास आला, मग माकडहाडावर तळहाताएवढी जखम दिसली, मधे काळी. आई डबा हातात धरून दारातच उभी राहिली. नानांनी डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि दोन महिन्यात पहिल्यांदा स्पष्ट बोलले, "घर चाल." घरात आम्ही अहिराणीतच बोलतो.

त्या पोराला मी शिव्या दिल्या, नंतर वाईट वाटलं. तो आधी केळी भरायला ट्रकवर जायचा. पगार ९,०००, आणि रात्री अकरा पेशंटला तो एकटा. म्हणे, सिस्टर आठवड्यातून दोनदा येतात, त्या मोटरचं मला कोणी सांगितलंच नाही दादा. डायपर किती वापरतो विचारलं तर म्हणे सकाळी एक, फारच झालं तर रात्री एक. बिलात रोजचे तीन. एसी रविवारी अकराला लावायचा, शाल पण तेव्हाच घालायची, आणि एप्रिलपासून ती काढायची राहूनच जायची. हे सगळं त्याने सरळ सांगून टाकलं, त्या पूर्ण जागेत खरं बोलणारा तो एकटाच निघाला.

नानांना न्यायचं म्हटलं तर साहेब फोनवर म्हणतात, तीन महिन्यांची नोटीस लागते, बाकी क्लिअर करा, मग पेशंट न्या. म्हणजे बाप ओलीस. दाजींनी ११२ ला फोन लावला, पोलीस निवडणुकीच्या बंदोबस्तात, तरी तासाभरात दोघे आले आणि त्यांच्या समोर कुलूप निघालं. १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलावली, त्यात डॉक्टर असतात, त्यांनी जखम बघून कागदावर लिहून दिलं, तो कागद आज केसमध्ये सगळ्यात कामाचा ठरतोय. जळगावच्या सर्जननी काळा भाग कापून काढला आणि एवढंच म्हणाले की ही एका रात्रीत होणारी जखम नाही.

डिपॉझिट परत मागितलं तेव्हा खरी गंमत. साहेब म्हणतात, जास्त बोलाल तर तुमच्यावरच केस टाकतो, २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, बापाला टाकून गेलात म्हणून तीन महिने आत जाल. ताई घाबरली, रात्रभर झोपली नाही. वकिलांनी समजावलं की असं कलम आहे, २४ नंबरचं, तीन महिने किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही, पण ते म्हाताऱ्या माणसाला कायमचं सोडून द्यायच्या इराद्याने कुठे टाकून जाणाऱ्यासाठी आहे, दर महिन्याला पैसे भरून दर रविवारी फोनवर बघणाऱ्यासाठी नाही. पण धमकी बरोबर जागी लागते, कारण टाकून आलो की काय ही टोचणी मनात आधीच असते.

मग आम्ही एकेक कागद उकरला. बिलावर ज्या फिजिओ डॉक्टरांचं नाव होतं त्यांना जाऊन भेटलो, ते म्हणाले मी तिथे एकूण दोनदा गेलोय. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला, कोणालाही बघता येतो, तर निघाला सिमेंट-स्टीलच्या दुकानाचा. ऑफिसमध्ये भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये जे सर्टिफिकेट लावलं होतं आणि ज्याच्याखाली बसून आम्ही सह्या केल्या, त्याचा मार्चमधला सेल्फी होता ताईकडे, झूम केला तर दुकान-आस्थापनेचं निघालं. म्हणजे किराणा दुकानाला लागतं ते. नळी घातलेले, ड्रेसिंग लागणारे पेशंट ठेवायचे तर नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याचा १९४९ चा कायदा आहे महाराष्ट्रात, ते सर्टिफिकेट बघायला मागा, आणि फ्रेम बघून खुश होऊ नका, आतलं वाचा.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. हे आधी माहीत असतं तर एवढे दिवस घाबरलो नसतो, म्हणून लिहितो: भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं, आणि २०१९ च्या कायद्यापासून तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात पण करता येते. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, तिथल्या ताईंनी आईचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तारखा पडताहेत, ७५,००० अजून तिकडेच आहेत.

आणि जागा बघायला जाल तर रविवारी सकाळी जाऊच नका. न सांगता दुपारी जा, रात्री दहाला जा, आत सोडलं नाही तर तेच उत्तर समजा. बेडजवळ कूस बदलल्याचा तक्ता असतो, दर दोन तासाची वेळ आणि सही, तो मागा, सगळ्या सह्या एकाच पेनने एकाच दमात मारलेल्या असतील तर कळतं. पांघरूण स्वतःच्या हाताने काढा, पाठ बघा, टाचा बघा. लाज वाटेल, वाटू द्या.

नाना आता घरी आहेत. ताईने भिंतीवर शाळेसारखं वेळापत्रक लावलंय, आठ वाजता डावी कूस, दहाला उजवी, बाराला उताणं, आणि आई दर तासाला घड्याळ बघते. शेजारचा एक मुलगा रात्री झोपायला येतो, त्याला आम्ही महिन्याला सात हजार देतो. जखम भरायला आठ महिने गेले.

मधे त्या पोराचा फोन आला होता. त्याने काम सोडलं, परत केळी भरायला जातो. म्हणे दादा, तिथे आता चौदा पेशंट आहेत, नवा पोरगा ठेवलाय, तो पण एकटाच. नानांच्या बेडवर कोण आहे विचारलं तर म्हणे चोपड्याकडचे एक आजोबा आहेत, त्यांचा मुलगा बाहेरगावी असतो, रविवारी फोन करतो. गादी तीच. मोटर चालू असते का, विचारलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मी निघालो तेव्हा तर प्लग खालीच होता."