लाँगवेव्ह की शॉर्टवेव्ह? प्रतिदीप्त खनिजांचा संग्रह मांडण्यापूर्वी

अतिनील दिव्याखाली अंधारात रंगांनी उजळणाऱ्या, म्हणजेच प्रतिदीप्त, खनिजांचा संग्रह करायचे ज्याच्या मनात येते, तो बहुधा आधी दगड घेतो आणि मग दिव्याच्या शोधाला लागतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. एखादा नमुना कोणत्या रंगात उजळेल किंवा उजळेल की नाही, हे दगडाइतकेच त्याच्यावर पडणाऱ्या अतिनील किरणांच्या तरंगलांबीवर अवलंबून असते. पुढे कपाट कसे असावे, काच कुठे यावी आणि पाहणाऱ्याने किती जवळ उभे राहावे, हेही त्याच निवडीतून ठरत जाते.

नवख्या संग्राहकापुढे खरे पर्याय दोन असतात: सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाँगवेव्ह (लांब तरंगांचा) दिवा आणि २५४ नॅनोमीटरचा शॉर्टवेव्ह (आखूड तरंगांचा) दिवा. या दोहोंच्या मधला मिडवेव्हही असतो, पण सुरुवातीला त्याचा विचार बाजूला ठेवला तरी चालते.

लाँगवेव्हचे पारडे सोयीच्या बाबतीत निर्विवादपणे जड आहे. एलईडी टॉर्च स्वस्त असते, हातात मावते, तिच्यात पारा नसतो आणि तिचे किरण साध्या काचेतून बऱ्याच अंशी आरपार जातात, त्यामुळे काचेच्या कपाटातील नमुना बाहेरूनही उजळता येतो. मात्र सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चवरून या छंदाची पारख करू नये. तिच्या जांभळ्या दृश्य प्रकाशात दगडांचे मंद रंग बुडून जातात आणि साधा दगडही जांभळट दिसल्याने उजळल्याचा भास होतो. ३६५ नॅनोमीटरचीच टॉर्च घ्यावी आणि तीही पुढे दृश्य प्रकाश अडवणारी काळी फिल्टर काच बसवलेली. अशा दिव्याखाली क्रोमियममुळे माणिक निखाऱ्यासारखा लाल होतो, सोडालाइट नारिंगी होतो आणि फ्लोराइट निळ्या-जांभळ्या रंगाने उजळतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये अशा उजळण्याला ‘फ्लुओरेसन्स’ (प्रतिदीप्ती) हे नाव दिले, ते या फ्लोराइटवरूनच. फ्लोराइटचा हा निळा रंग बहुतांशी त्यात अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरोपियम या मूलद्रव्यामुळे येतो, आणि म्हणूनच एका खाणीतला फ्लोराइट झगझगीत उजळतो, तर दुसरीकडचा तसाच दिसणारा अगदी निर्जीव राहतो.

शॉर्टवेव्हचा मार्ग खर्चिक आणि जबाबदारीचा आहे. हा दिवा सहसा पाऱ्याच्या वाफेचा असतो. त्याचा दृश्य प्रकाश अडवणारी फिल्टर काच हा त्यातला महागडा भाग असून काही प्रकारच्या फिल्टर काचा वापराने हळूहळू मंदावतात. म्हणून जुना दिवा घेताना फिल्टरची अवस्था पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. असे असूनही या छंदाचे खरे वैभव याच दिव्याखाली आहे, असे मी मानतो.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिल या जस्ताच्या खाणींतला एखादा तुकडा साध्या उजेडात पाहिला, तर पांढुरक्या कॅल्साइटमध्ये फ्रँकलिनाइटचे काळे दाणे आणि मधूनमधून मळकट तपकिरी किंवा हिरवट विलेमाइट, एवढेच दिसते. खोलीत अंधार करून त्यावर शॉर्टवेव्ह टाकली की कॅल्साइट लालभडक होते, विलेमाइट हिरवेगार पेटते आणि फ्रँकलिनाइट मात्र काळेच राहिल्यामुळे या दोन्ही रंगांना आपोआप रेखीव कडा मिळते. विशेष म्हणजे हे दोन्ही रंग मँगनीजचेच आहेत. स्फटिकात त्याच्याभोवती ऑक्सिजनचे अणू कसे रचलेले आहेत, त्यानुसार तेच मूलद्रव्य एकीकडे लाल आणि दुसरीकडे हिरवा प्रकाश देते. लाँगवेव्हखाली हाच तुकडा बराच फिका पडतो. फ्रँकलिनची खाण १९५४ मध्ये आणि स्टर्लिंग हिलची १९८६ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता फिरणारे नमुने प्रामुख्याने जुन्या संग्रहांतून आणि खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यांतून येतात, आणि नमुन्यासोबतची जुनी चिठ्ठी जपून ठेवण्याला त्यामुळे फार महत्त्व आहे. टंगस्टनचे खनिज असलेले शीलाइटही शॉर्टवेव्हखालीच निळसर पांढरे उजळते, आणि त्यात मॉलिब्डेनम वाढत गेले की तो रंग पिवळ्याकडे झुकतो.

मांडणीच्या दृष्टीने निर्णायक बाब काचेची आहे. साधी काच शॉर्टवेव्ह अडवते, त्यामुळे दिवा कपाटाच्या आतच बसवावा लागतो. ही अडचण वाटली तरी तीच मोठी सुरक्षा आहे, कारण बंद काचेपलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत ते किरण पोहोचत नाहीत. उघड्या शॉर्टवेव्हने डोळ्याचा पारदर्शक पडदा भाजतो आणि वेदना काही तासांनी सुरू होतात, त्यामुळे चूक वेळेवर लक्षातही येत नाही. नमुने हाताळताना अतिनील किरण अडवणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालावाच. ज्या घरात लहान मुले कपाट उघडू शकतात आणि दार उघडताच दिवा बंद होईल असा स्विच बसवता येत नाही, तिथे मी लाँगवेव्हचाच सल्ला देईन. टॉर्चच्या झोतात मात्र तिथेही थेट पाहू नये.

दोन्ही मार्गांत कपाटाचे अस्तर त्याच दिव्याखाली तपासून घ्यावे. कापडाचे तंतू आणि पांढरा कागद यांत उजळपणासाठी घातलेली द्रव्ये निळीशार चमकतात. विशेषतः लाँगवेव्हखाली मखमलीवरचा एक धागा शेजारच्या दगडापेक्षा जास्त लक्ष वेधून घेतो.

युरेनियमयुक्त ऑटुनाइटचा पिवळट हिरवा उजेड दोन्ही दिव्यांखाली विलक्षण असतो, तरी राहत्या खोलीत ते ठेवू नये. ते किरणोत्सारी आहे, त्यातून रेडॉन वायू निघतो आणि पाणी गमावल्यावर त्याच्या पापुद्र्यांचा भुगा होऊ लागतो. तशाच हिरव्या रंगासाठी हायलाइट (hyalite) या जातीचे ओपल घ्यावे. त्यात युरेनियम अत्यल्प असते.

ज्याला उघड्या फळीवर मोजके नमुने ठेवायचे आहेत, त्याने फिल्टरची टॉर्च घेऊन फ्लोराइट आणि सोडालाइटपासून सुरुवात करावी. ज्याला एक अंधारा कोपरा आणि बंद कपाट देता येते, त्याने थोडे थांबून पैसे साठवावेत आणि थेट शॉर्टवेव्हकडे जावे. मन ठरतच नसेल, तर टेक्सासमधील टर्लिंग्वा येथील कॅल्साइटचा एक तुकडा दोन्ही दिवे असलेल्या संग्राहकाकडे पाहावा. लाँगवेव्हखाली तो गुलाबी दिसतो, शॉर्टवेव्हखाली निळा होतो आणि शॉर्टवेव्ह बंद केल्यावरही काही क्षण अंधारात निळाच तेवत राहतो.